तव्यावर तपासलेली कॉइल

दिवाळी जवळ आली की माझी सून वाचनालयातून दिवाळी अंक आणते. ती स्वयंपाक करते तेव्हा मी खिडकीशी बसून ते चाळते. बँकेतले साहेब, डॉक्टर, पोस्टमास्तर आपापल्या कामाविषयी लिहितात ते मला आवडते. मला असा लेख कोणी मागितलेला नाही. कोणी मागायला आले असते तर मी आतल्या खोलीत जाऊन बसले असते. पण नातीच्या जुन्या वहीत बरीच कोरी पाने उरली आहेत, त्यांत लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

मी चौथी पास आहे. पाचवीची शाळा लांब होती म्हणून घरी राहिले. लग्न होऊन पुण्यात आले ती नाना पेठेत. ह्यांचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान होते, पुढे दुकान आणि मागे एकच खोली. दोन्हींच्या मध्ये दार नव्हते, एक जाडा निळा पडदा होता. त्या पडद्यामागे बसून मी सव्वीस वर्षे मोटारसायकलच्या कॉइली भरल्या. आता आम्ही बिबवेवाडीला राहतो, मुलाचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. पण अजून रस्त्यावरून जुनी गाडी गेली की माझा हात थांबतो.

कॉइल म्हणजे काय ते आधी सांगते. गाडी पेट्रोलवर चालते हे सगळ्यांना माहीत असते. पण पेट्रोल पेटायला ठिणगी लागते, शेगडीला काडी लागते तशी. मोटारसायकलला ती काडी मिनिटात कितीतरी वेळा ओढावी लागते. बॅटरीतली वीज अगदी थोडी, तेवढ्याने ठिणगी उडत नाही. ती वाढवून प्लगपर्यंत पाठवायचे काम कॉइलचे. आत लोखंडी पट्ट्यांचा गाभा, त्यावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे दहा हजार वेढे, आणि सगळ्यांवरून जाड तारेचे थोडे. थराथरात तेलकट कागद. एक वेढा दुसऱ्यावर चढला किंवा तारेवरचे वार्निश नखाने खरवडले गेले, तर सगळी मेहनत वाया.

आमच्याकडे यायच्या त्या जुन्या गाड्या. कारखान्याने काढायच्या थांबवलेल्या, सुटे भाग न मिळणाऱ्या. मालक नाना पेठेतली सगळी दुकाने फिरून, सगळीकडून “नाही हो, आता येत नाही ते” ऐकून मग आमच्या दुकानात यायचे. अशा गाडीची कॉइल जळली की दोनच मार्ग. ती भरून घ्यायची, नाहीतर गाडी जुन्या बाजारात द्यायची.

भरायला मला शिकवले हुसेनचाचांनी. आमच्या शेजारी त्यांचे पंखे आणि मोटरी भरायचे दुकान होते. त्यांच्या तीन पिढ्या पुण्यातच गेलेल्या, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. त्यांना दिसेनासे झाले तेव्हा ह्यांच्या कॉइली कोण भरणार हा प्रश्न आला. मी त्यांच्या सुनेकडे पापड लाटायला जायची. माझे पापड बघून ते म्हणाले, “बेटी, तुझ्या हाताला घाई नाही. मशीनवर बसतेस का?” मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी मशीन आमच्या खोलीत आले.

त्या हातमशीनचा आकडे दाखवणारा काटा मोडला होता. दांडा एकदा फिरवला की दहा वेढे बसत. म्हणून मी दोन वाट्या घेतल्या. दहा वेळा दांडा फिरला की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. शंभर चिंचोके गेले की दहा हजार वेढे. मध्येच कोणी हाक मारली आणि मी ‘ओ’ दिली, की आकडा गेला. म्हणून काम चालू असताना मी एक चिंचोका तोंडात धरायची. घरात सगळ्यांना समजायचे की हिच्याशी आता बोलायचे नाही. खरे सांगायचे तर मला ते बरेच होते. गिऱ्हाईक आले तरी बोलावे लागत नसे.

यावरून एक गंमत झाली. सुटे भाग पोचवणाऱ्या एका गृहस्थांनी ह्यांना हळूच विचारले, “मिस्त्री, वहिनी जन्मापासून बोलत नाहीत का हो?”

हे म्हणाले, “बोलतात. पण मोजून.”

तव्याचे माझे मीच शोधले. कॉइल थंड असताना खोटे बोलते. फळीवर बॅटरी जोडून पाहिली तर छान निळी ठिणगी देते. गाडीवर बसवली, अर्धा तास चालली, तापली, की आत कुठेतरी तार पसरते, कच्चे वार्निश सुटते आणि ठिणगी आतल्या आत मरते. गाडी बंद. ती थंड होईपर्यंत माणूस रस्त्यात उभा. थंड झाली की पुन्हा चालू. दुकानात आणली तर काहीच दोष नाही. ह्यांना असल्या तक्रारींनी वेड लागायची पाळी यायची. एकदा भाकरी झाल्यावर तवा उतरवला आणि मनात आले, हिला रस्त्यावर तापू देण्यापेक्षा इथेच तापवू. तव्यावर जाड फडके, फडक्यावर कॉइल, बोट ठेवता येत नाही इतकी गरम झाली की लगेच फळीवर. तेव्हाही ठिणगी निळी राहिली तरच ती दुकानात जायची. पुढे भाकरीसाठी दुसरा तवा आणावा लागला, कारण पहिल्याला वार्निशचा वास लागला तो गेलाच नाही.

पडद्यामागे बसून गाड्या दिसत नसत, पण ऐकू फार येत. आणि माणसेही. आपल्या गाडीचा आवाज सांगताना मोठमोठी माणसे तोंडाने ‘टुकटुक फट्, टुकटुक फट्’ करून दाखवत. मी तोंडातला चिंचोका दातांत धरून हसू दाबायची. एक निवृत्त हवालदार विश्रांतवाडीहून गाडी ढकलत आले, घामाने निथळत. ह्यांनी पाहिले तर पेट्रोलचा कॉक बंद. तो नुसता फिरवायचा होता. पण हे खाली बसले, पाने काढले, पाच मिनिटे उगाच इकडचे तिकडे केले आणि मग किक मारली.

“काय झालं होतं?” हवालदारांनी विचारले.

“बारीक काम होतं,” हे म्हणाले. एवढ्या लांबून ढकलत आलेल्या माणसाला दुसरे काय सांगणार?

आता परचुरे सरांचे लिहिते. त्यासाठीच वही उघडली आहे.

परचुरे सर सदाशिव पेठेतले, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांची गाडी दोन धुराड्यांची, काळी, त्यांच्या नोकरीइतकीच जुनी. बोलणे असे की समोरच्याने आधी हसावे की आधी रागवावे ते ठरत नसे. पावसाळा संपताना त्यांची कॉइल जळली. त्याच सुमारास बाजारात बाहेरून तयार कॉइली येऊ लागल्या होत्या. चकचकीत, खोक्यातल्या, थोडा फेरफार करून कुठल्याही गाडीला बसवता येतील अशा. शेजारपाजारच्या मिस्त्रींनी त्या घ्यायला सुरुवात केली होती. हे अजून माझ्याच बसवत. पण एक विक्रेता दोनदा येऊन गेला होता आणि दुसऱ्या वेळी ह्यांनी त्याला बसायला सांगून चहा मागवला होता. मी आतून तो चहाचा आवाज ऐकला आणि त्या दिवशी आकडा दोनदा चुकले.

सरांची कॉइल मी नवरात्रात भरली. तव्यावर तपासली, उत्तम होती. गाडी तयार होऊन दुकानात उभी होती तेव्हा खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही दुकानातल्या सगळ्या हत्यारांची आणि उभ्या असलेल्या गाड्यांची पूजा करायचो. वर्षातून तेवढाच एक दिवस मी पडद्याबाहेर येऊन दुकानभर हिंडायची. सकाळी लवकर, गिऱ्हाईक नसताना. पाने, हातोड्या, पंप, हवेची टाकी, मग एकेक गाडी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे फूल. दसऱ्याला सकाळी सर आले. “सोनं वाटायला आलेलो नाही, गाडी न्यायला आलो,” म्हणाले आणि गाडी घेऊन गेले.

पाचव्या दिवशी परत आले.

“मिस्त्री, तुमची कॉइल माझ्यासारखी आहे. दुपारची झोप लागते तिला.”

स्वारगेटपाशी गाडी बंद पडली होती. दहा मिनिटे थांबल्यावर चालू झाली. ह्यांनी कंडेन्सर बदलला, पॉइंट साफ केले, स्वतः एक फेरी मारून आले. काही झाले नाही. पुढच्या आठवड्यात सर पुन्हा आले. या वेळी सिंहगड रस्त्यावर बंद पडली. ह्यांनी कॉइल काढून मला आत दिली. मी तव्यावर ठेवली, पहिल्यापेक्षा जास्त तापवली, फडके करपले. ठिणगी निळीच. मी ह्यांना बोलावून दाखवली.

“तव्यावर चालते,” हे म्हणाले, “रस्त्यावर चालत नाही.”

कॉइल पुन्हा बसवली. पडद्यापलीकडे सर ह्यांना सांगत होते, “बुधवार पेठेत एका इलेक्ट्रिकवाल्याला विचारलं. म्हणाला, घरी बायकांकडून भरून घेतलेली कॉइल अशीच असायची. मी म्हटलं, मला काय माहीत घरी कोण भरतं.”

हे पाने आवरत राहिले. सर गेल्यावर आत आले, पाणी प्यायले, आणि मोरीशी उभे राहून म्हणाले, “पुन्हा आले तर त्यांना तयार कॉइल बसवून देतो. आणि यापुढं तयारच आणू. किती वर्षं डोळे फोडशील?”

रागावून म्हणाले असते तर बरे वाटले असते. माझ्या डोळ्यांची काळजी म्हणून म्हणाले. घरात माझे म्हणून एवढे एकच होते, ते मशीन आणि त्या दोन वाट्या. मी म्हटले, “बरं.” मग रात्रीची भाजी चिरायला घेतली. सरांची गाडी पुन्हा बंद पडू नये, एवढेच मनात येत होते.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी ती आलीच. सर गाडी ढकलत आले. मी आत हवालदारांच्याच गाडीची कॉइल भरत होते. चौतीस चिंचोके झाले होते.

“तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडली,” सर म्हणाले. “निदान या वेळी जवळ तरी पडली, तेवढी सुधारणा आहे. पेट्रोल संपलं म्हणू नका, पंपावरून टाकी भरून मग तासभर गावभर हिंडून आलोय. हे बघा.”

त्यांनी टाकीचे झाकण फिरवून उघडले. तेव्हा मला आवाज आला. ‘फुस्स.’ अगदी छोटा. घट्ट बसलेल्या डब्याचे झाकण निघताना येतो तसा. मग सरांचा आवाज, “आहे की नाही पेट्रोल?” मग झाकण बंद, आणि त्यांनी वैतागून मारलेली एक किक. गाडी चालू.

“बघा! आता लगेच चालू!”

“थंड झाली असेल,” हे म्हणाले. “थांबा, काढतोच ती कॉइल.” पान्यांचा खणखणाट झाला.

माझा हात दांड्यावर थांबला. गल्लीच्या तोंडापासून दुकानापर्यंत ढकलायला दोन मिनिटे लागतात. दोन मिनिटांत कॉइल थंड होत नाही. हे जगात कोणाला ठाऊक असेल तर तव्यापाशी बसणाऱ्या मला. मग गरम कॉइलवर गाडी एका किकमध्ये चालू कशी झाली?

मी तोंडातला चिंचोका काढून वाटीत टाकला. कुठल्या वाटीत, ते पाहिलेसुद्धा नाही. पडदा बाजूला केला आणि बाहेर गेले.

“काढू नका,” मी म्हटले.

सरांनी चष्मा वर केला. “अरेच्चा! ह्या बोलतात?”

“अगं, काय झालं?” हे घाबरलेच.

मी सरांकडे न बघता ह्यांच्याकडे बघून विचारले, “अहो, त्यांना विचारा, दर वेळी गाडी बंद पडल्यावर ते काय करतात.”

“मी इथंच आहे,” सर म्हणाले, “थेट विचारलंत तरी चालेल. काय करतो? खाली उतरतो, झाकण उघडून पेट्रोल बघतो, स्वतःला दोष देतो, मग किक मारतो.”

“आणि न उघडता?”

“न उघडता बराच वेळ थांबलो की मग होते कधीतरी.”

“गाडी इथं चालू ठेवा,” मी ह्यांना म्हटले. “झाकण घट्ट लावून. बंद पडेपर्यंत हात लावू नका.”

अर्धा पाऊण तास गाडी दुकानासमोर उभी धडधडत होती. धूर गल्लीभर. समोरचे सायकलवाले खोकत बाहेर आले. हुसेनचाचा काठी टेकत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मला इतक्या माणसांत उभे राहायची सवय नव्हती. पदर सारखा करत मी टाकीकडे बघत होते. गाडी बंद पडलीच नाही तर आत जाऊन पुन्हा बाहेर येता येणार नाही, हे मला कळत होते.

मग आवाज बदलला. इंजिन धापा टाकल्यासारखे झाले, दोन आचके दिले आणि बंद.

“गेली,” हे म्हणाले. “तापली म्हणून गेली.”

“कॉइलला हात लावून बघा.”

ह्यांनी बोट लावले आणि झटकले. “चटका बसतोय.”

“आता तिला थंड होऊ देऊ नका. सर, झाकण उघडा.”

सरांनी झाकण फिरवले. ‘फुस्स.’ या वेळी सगळ्यांनी ऐकले.

“मारा किक.”

एका किकमध्ये चालू. कॉइल तशीच, बोट ठेवता येणार नाही इतकी गरम.

हुसेनचाचा आधी हसले. “टाकीचा दम कोंडला होता, मिस्त्री! आणि तुम्ही कॉइलचा गळा धरलात!”

घरात खाद्यतेलाचा डबा फोडताना आपण दोन भोके पाडतो. एकातून तेल पडते, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक पाडले तर धार थोडा वेळ येते आणि थांबते. टाकीचेही तसेच. पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा आत शिरावी लागते, त्यासाठी झाकणाला सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. ते बुजले होते. गाडी थोडे अंतर चालायची, मग पेट्रोल उतरायचे थांबायचे. झाकण उघडले की हवा जायची, गाडी चालू. लोकांना मात्र वाटायचे, तापली म्हणून बंद, निवली म्हणून चालू. तापून बंद पडणे हा कॉइलचाच रोग म्हणून ठरलेला, त्यामुळे कोणी दुसरीकडे बघितले नाही. ह्यांनी मारलेल्या फेऱ्या जवळच्या, तेवढ्यात ती बंद पडत नव्हती.

ह्यांनी झाकण हातात घेतले आणि एक टाचणी छिद्रात घातली. टोकाला काहीतरी लागून आले. बोटावर चोळून पाहिले. लाल.

“गंज?” सरांनी विचारले.

मी जवळ जाऊन पाहिले. गंज नव्हता. झाकणाच्या मधोमध छोटा खळगा होता, आणि त्या खळग्यात वाळून घट्ट झालेले कुंकू. हळदीबरोबर पाण्यात कालवलेले, वाळले की पापडासारखे कडक होते तसे.

“कुंकू!” सर म्हणाले. “मिस्त्री, मी नास्तिक माणूस. इतक्या वर्षांत या गाडीला साधा हार घातलेला नाही. माझ्या टाकीवर कुंकू आलं कुठून?”

सगळे एकमेकांकडे बघत होते. ह्यांना उत्तर ठाऊक होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, टाचणीच पुसत राहिले. मला वाटते, काहीतरी बारीक काम होतं, असेच ते सांगणार होते. माझी कॉइल निर्दोष सुटली होती. आता गप्प राहिले असते तरी चालले असते.

“मी लावलं,” मी म्हटले. “खंडेनवमीला गाडी इथं होती. त्या खळग्यात बोट नीट बसतं, म्हणून तिथं.”

मला भुई फाटून आत घेईल तर बरे असे झाले. मनात मागची सगळी वर्षे येत होती. दर खंडेनवमीला मी किती गाड्यांच्या झाकणांवर असे बोट टेकवले असेल? दसऱ्यानंतर ज्या तक्रारी यायच्या त्यांतल्या किती माझ्या बोटाच्या? कोणी सिंहगडाच्या पायथ्याशी उन्हात उभे राहिले असेल, कोणी बायकोला दवाखान्यात नेताना. त्याचे अजूनही वाईट वाटते. पुढे मी कुंकू लावत राहिले, पण हँडलला.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

“म्हणजे वहिनी, असं झालं. कॉइल तुम्हीच भरली?”

मी मान हलवली.

“ती तव्यावर तपासली?”

“हो.”

“आणि महिनाभर मी ज्या कॉइलला शिव्या दिल्या ती मुळात चांगली. वाईट होतं ते कुंकू.” ते ह्यांच्याकडे वळले. “मिस्त्री, तुमच्या दुकानात कॉइलची हमी द्या. पूजेची देऊ नका.”

हुसेनचाचा काठी आपटून हसले. हेही हसले. मला हसावे की रडावे कळेना.

पण सर चित्रकलेचे असले तरी हिशेबी माणूस. म्हणाले, “हे सगळं इथं उभ्या गाडीवर झालं. मला रस्त्यावरचं पाहिजे. कात्रजचा घाट चढून बोगद्यापर्यंत गाडी न थांबता गेली तर मी मानतो. बुधवार पेठेतल्या त्या इलेक्ट्रिकवाल्यालाही जाऊन सांगतो, तोंडावर.”

“मी जाऊन येतो,” हे म्हणाले.

“एकटे नाही. वहिनींना मागे बसवा. कॉइल त्यांची आहे. मी दुकान बघतो.”

“मी?” माझ्या तोंडून निघाले.

“नाहीतर काय मी बसू मिस्त्रींच्या मागे?”

इतक्या गाड्यांच्या कॉइली भरल्या, पण त्यांतल्या एकीवरही मी कधी बसले नव्हते. ह्यांची स्वतःची सायकल होती. मी दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसले, एका हाताने ह्यांचा खांदा धरला, दुसऱ्याने पदर. समोरचे सायकलवाले बघत होते, त्यांच्याकडे न बघता मी खाली बघितले. माझी कॉइल माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती.

स्वारगेट गेले. सरांची गाडी पहिल्यांदा जिथे झोपली होती तो थांबा आला आणि गेला. कात्रजला घरे विरळ झाली. तळ्यापाशी हे ओरडून म्हणाले, “घट्ट धर!” घाट सुरू झाला. चढावर गाडीचा आवाज जड होतो, इंजिन तापते, कॉइलही तापते. मी डोळे मिटले. मला सवय ऐकायचीच. मला ते ऐकू येत होते, एकेक ठिणगी पडतानाचे, न चुकता, न अडखळता. पुढे एक ट्रक रखडत होता, हे त्याच्या मागे हळू झाले, मला वाटले आता गेली. नाही. ह्यांनी कडेने काढली, वळण घेतले, पुन्हा वळण. थंड वारा तोंडावर येऊ लागला तेव्हा डोळे उघडले तर समोर बोगद्याचे तोंड, आणि मागे खाली पुणे पसरलेले. मी इतक्या उंचावरून पुणे कधी पाहिले नव्हते.

ह्यांनी गाडी कडेला घेतली, पण बंद केली नाही. तशीच चालू ठेवून उतरले, वाकले आणि कॉइलला बोट लावले. झटकले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “भाजतेय.”

“ठिणगी?” मी विचारले.

“ऐकू येत नाही का तुला?”

येत होते. आम्ही दोघे थोडा वेळ तसेच उभे राहून ऐकत होतो. आमच्या लग्नाला तेव्हा सोळा वर्षे झाली होती. त्या खोक्यातल्या कॉइलींचे काय करायचे ते मी विचारले नाही, आणि ह्यांनीही सांगितले नाही.

परत आलो तेव्हा दुकानात सर ह्यांच्या स्टुलावर ऐटीत बसलेले. समोर एक अनोळखी गृहस्थ उभे, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी.

“पोचलात?” सरांनी विचारले.

“बोगद्यापर्यंत. कुठं थांबली नाही,” हे म्हणाले.

“छान. मग मला बुधवार पेठेत जायला हवं, माणूस दुकान बंद करायच्या आत.” सर उठले. “हे पाहुणे अर्ध्या तासापासून थांबलेत. मी त्यांना सांगितलं, कॉइल भरणाऱ्या बाई घाटात गेल्या आहेत, येतील.”

त्या गृहस्थांनी पुडके ह्यांच्यापुढे केले. “मिस्त्री, सगळी नाना पेठ फिरलो. कोणी म्हणतं तयार बसवा, कोणी म्हणतं गाडीच विका. वडलांची गाडी आहे हो.”

ह्यांनी हात पुढे केला नाही. “मला नका देऊ. ह्यांना द्या.”

गृहस्थ गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. वाऱ्याने विस्कटलेले केस, चुरगळलेला पदर. मी पडद्याकडे निघाले होते, ती थांबले. वळून हात पुढे केला. पुडके चांगलेच जड होते.

“बाई,” ते चाचरत म्हणाले, “तुम्हाला जमेल ना?”

त्या दिवसापर्यंत मी कुठल्याही गिऱ्हाइकाला उत्तर दिले नव्हते. या वेळी ह्यांच्याकडे न बघता दिले.

“आत्ताच घाट चढून आले,” मी म्हटले. “गुरुवारी या.”